जुनी मुळं उपटायची की ठेवायची? आधी एक झाड खणून बघा

पीक संपलं की आपण काय करतो, झाड धरतो, हिसका मारतो, मुळासकट उपटतो, माती झटकतो आणि बेड कसा चकाचक दिसतोय म्हणून खुश होतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग कधीतरी कळलं की मुळं जमिनीतच ठेवायची असतात, झालं, मी थेट दुसऱ्या टोकाला, काही झालं तरी मूळ उपटायचं नाही. त्या नादात सूत्रकृमीच्या (मुळात शिरून राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींच्या) गाठींनी भरलेली टोमॅटोची मुळं जागेवर ठेवून वर काकडी लावली. काकडीचं काय झालं ते पुढे येईल.

थोडक्यात "उपटा" हा सल्ला अर्धवट आणि "ठेवा" हाही अर्धवट. मूळ कुठल्या पिकाचं आहे, ते निरोगी आहे की नाही, आणि त्यानंतर किती दिवसांनी काय लावणार, हे तीन प्रश्न सुटले की बाकीचं आपोआप ठरतं. ह्यासाठी मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे, बेवड. (बेवडा नाही, बेवड, ऑटोकरेक्टने माझी दोनदा पंचाईत केलीय.) आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर जमिनीतून जो परिणाम राहतो तो बेवड. द्विदल पिकाचा बेवड चांगला असं जुनी माणसं सांगतात ते खरंच आहे, पण त्याचं कारण बऱ्याचदा चुकीचं सांगितलं जातं, त्यावरही येतो.

जमिनीखाली नेमकं काय चालतं

हा भाग सोडून थेट पायऱ्यांवर जाऊ नका, कारण पायऱ्या लक्षात राहत नाहीत, कारण लक्षात राहतं.

जिवंत मूळ सतत काहीतरी पाझरत असतं, साखर, ॲमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं. त्यामुळे मुळाच्या भोवती काही मिलिमीटरच्या पट्ट्यात सूक्ष्मजीवांची तोबा गर्दी असते, लांबच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त. ह्या पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव १९०४ साली लॉरेन्झ हिल्टनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. वरून झाड कापलं की पाझर बंद होतो, पण गर्दी लगेच पांगत नाही, कारण आता मूळ स्वतःच खाऊ झालेलं असतं. पहिल्या काही दिवसांत साखर आणि प्रथिनं फस्त करणारे झटपट वाढणारे बॅक्टेरिया आणि काही बुरश्या, मग सेल्युलोज पचवणारी फंगस, आणि सगळ्यात शेवटी लिग्निन म्हणजे लाकडी भाग पोखरणारे धीम्या चालीचे गडी. कुजणाऱ्या मुळाभोवतीही असाच काही मिलिमीटरचा पट्टा तयार होतो, त्याला डेट्रिटसफिअर म्हणतात. नवीन रोपाचं मूळ ह्या पट्ट्यातून जातं तेव्हा तिथे जे कोणी बसलेलं असेल तेच पहिलं त्याच्यावर चढतं. चांगले बसलेले असतील तर चांगले, रोगाचे बसले असतील तर रोगाचे. सगळा खेळ इथे आहे.

आता "मी तर सगळी मुळं काढतो" म्हणणाऱ्यांसाठी. १९३७ साली हॉवर्ड डिटमर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने राय ह्या गव्हाच्या भाऊबंद पिकाचं एकच झाड पेटीत वाढवून त्याची मुळं मोजली, सगळ्यांची लांबी जोडून साधारण ६२० किलोमीटर भरली, केशमुळं सोडून. तर तुम्ही हिसका मारल्यावर हातात येतात ती फक्त जाडी मुळं, बारीक जाळं तुटून आतच राहतं. म्हणजे बेवड तुम्ही ठेवा न ठेवा, तो राहणारच आहे, प्रश्न फक्त त्याच्याशी कसं वागायचं एवढाच.

आणि मुळं ठेवण्याच्या बाजूने मोठा मुद्दा हा की मुळांतून आलेला कार्बन जमिनीत पाल्यापाचोळ्यातून आलेल्या कार्बनपेक्षा जास्त टिकतो, २००५ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हे प्रमाण सरासरी २.४ पट निघालं होतं. मूळ मुळात चिवट, त्यात ते मातीच्या कणांना चिकटून ढेकळाच्या आत कुजतं, तिथे पटकन कोणी पोचत नाही. वर टाकलेला पाला उन्हात वाळतो, वाऱ्याने उडतो, अर्धा हवेतच जातो.

तिसरी गोष्ट नळ्यांची. जाड मूळ कुजलं की त्याच्या जागी पोकळ बोगदा उरतो, आत हवा जाते, पाणी उतरतं, भिंतीला ह्युमसचा थर आणि सूक्ष्मजीव. नवीन मूळ आळशी असतं (माझ्यासारखंच), घट्ट मातीत डोकं आपटण्यापेक्षा ते तयार बोगद्यातून खाली उतरतं. घट्ट जमिनीत हा फायदा नत्राच्या फायद्यापेक्षाही मोठा असतो असं माझं मत आहे.

पायरी १: एक झाड खणा, उपटू नका

शेवटची तोडणी झाली की बेडच्या मधलं एक आणि कडेचं एक झाड निवडा. खोडापासून वीतभर लांब चारी बाजूंनी खोरं किंवा खुरपं घालून मातीच्या गड्ड्यासकट उचला, बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवा आणि हलक्या हाताने माती सुटू द्या. उपटून बघाल तर ज्या बारीक मुळांवर खरी माहिती असते तीच तुटून जातात.

मग बघायचं काय? रंग आधी. पांढरं, पिवळसर किंवा हलकं तपकिरी मूळ जे ओढल्यावर ताणतं आणि मग तुटतं, ते ठीक. काळपट, पाणचट, बोटात धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखी शीर उरते, ते मूळकुजीचं लक्षण.

मग गाठी. इथे लोक हमखास फसतात, मीही फसलेलो आहे. द्विदल पिकाच्या मुळावरची नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेल्या मण्यासारखी असते, नखाने ढकलली की सुटी होते, मूळ शाबूत राहतं. सूत्रकृमीची गाठ वेगळी, तिथे मूळच फुगलेलं असतं, आल्याच्या बोटासारखं वेडंवाकडं, आणि ती काढायची म्हटली तर मूळ तुटतं. नत्राची गाठ ब्लेडने कापून बघा, आत गुलाबी लाल दिसलं तर ती अजून चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातलग. आत हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलेलं आहे.

खोड जमिनीलगत आडवं कापा. आत तपकिरी कडं दिसलं तर फ्युजेरियम किंवा तसल्याच मर रोगाचा संशय. टोमॅटो, वांगं, मिरची असेल तर कापलेला तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवून ठेवा आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसा, कापलेल्या भागातून दुधासारखा पांढरा दोरा खाली उतरायला लागला तर तो बॅक्टेरियामुळे होणारा मर रोग. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते भलतंच सुंदर वाटलं होतं, मग अर्थ कळल्यावर घाम फुटला. बुंध्याशी पांढऱ्या बुरशीची जाळी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी गोल दाणे दिसले तर ते स्क्लेरोशियमचे, तेच दाणे पुढच्या पिकापर्यंत टिकून राहतात. कोबी फ्लॉवरच्या मुळावर गदेसारखा फुगवटा असेल तर तो क्लबरूट, त्याचे बीजाणू जमिनीत पंधरा वर्षांहूनही जास्त काळ जिवंत राहू शकतात.

पायरी २: ठेवायचं की काढायचं

वरच्यापैकी काहीही नाही, मुळं निरोगी, तर ठेवा. इथे फार विचार करायचा नाही.

सूत्रकृमीच्या गाठी, क्लबरूट, मर रोग, स्क्लेरोशियम ह्यातलं काही दिसलं तर आख्ख्या गड्ड्यासकट मुळं काढा आणि शेताबाहेर किंवा बेडपासून दूर न्या, जाळा किंवा बंद पिशवीतून फेका, थंड पडलेल्या कंपोस्टच्या ढिगात अजिबात टाकू नका. आणि हे मुळं हिरवी असतानाच करा, कारण सूत्रकृमीच्या एकेका मादीच्या अंडीपुंजात शेकडो अंडी असतात आणि गाठ कुजून फुटली की ती सगळी मातीत. क्लबरूटचंही तसंच, गदा कुजायच्या आत उचलायची. काढल्याने रोग जातो का? नाही जात, मातीत काही राहतंच, पण पुढच्या पिकाची सुरुवात किती ओझ्याने होणार ते बरंच कमी होतं.

अधलीमधली केस म्हणजे थोडी मूळकुज. अशा वेळी मी जाडा बुंधा काढतो, बारीक मुळं राहू देतो, पुढचं पीक वेगळ्या कुळातलं घेतो आणि पुढे सांगितलेली बरणीची टेस्ट केल्याशिवाय पेरत नाही.

माझी काकडी. गाठी दिसत होत्या, पण "मुळं ठेवायची असतात" हे डोक्यात पक्कं बसलेलं. रोपं तीन आठवडे छान वाढली, मग दुपारी माना टाकायला लागली, संध्याकाळी परत उभी. मी पाणी वाढवलं. काही फरक नाही. शेवटी एक उपटलं तर मुळांवर सूत्रकृमीच्या गाठींची माळ. काकडी आणि टोमॅटो कुळाने वेगळे, म्हणून मला वाटलेलं फेरपालट झाली, पण मूळगाठ सूत्रकृमीला दोन्ही सारखेच गोड लागतात. फेरपालट करताना कूळ बघून भागत नाही, रोग कोणाकोणाला खातो हे बघावं लागतं. त्या बेडमध्ये मग मी झेंडू लावला, कडेने शोभेला नाही, आख्ख्या बेडमध्ये दाट आणि पूर्ण दोन अडीच महिने. झेंडूच्या मुळात अल्फा-टर्थिएनिल नावाचं रसायन असतं, ते सूत्रकृमीला मारक आहे, पण त्याचं मुख्य काम जिवंत मुळाभोवती होतं, म्हणून चार झेंडू कोपऱ्यात लावून काही होत नाही.

पायरी ३: कापायचं कसं

जमिनीलगत कापू नका, एक दोन सेंटिमीटर जमिनीखाली कापा. धारदार विळा, सिकेटर, खुरप्याचं पातं, काहीही चालेल. कारण कोबीचा बुंधा, ज्वारीचं धसकट ह्यांना वर डोळे असतात, ते परत फुटतात. फुटलं की मूळ मरत नाही, अर्धमेलं राहतं, आणि अर्धमेलं मूळ ही सगळ्यात वाईट अवस्था, त्याची प्रतिकारशक्ती गेलेली असते पण अन्न भरपूर असतं, पिथियम आणि रायझोक्टोनियासारख्या रोगाच्या बुरश्या त्यात मनसोक्त वाढतात आणि शेजारी नवीन रोप आलं की तिकडे सरकतात. ह्याला ग्रीन ब्रिज म्हणतात. तणनाशक मारून लगेच पेरणाऱ्यांना हाच फटका बसतो, मरणाऱ्या तणांची मुळं रोगाचं वसतिगृह होऊन बसतात. तण मारणं आणि पेरणी ह्यात निदान दोन तीन आठवडे ठेवा.

कापल्यावर माती ढवळू नका. खोल नांगरट किंवा टिलर फिरवला की नळ्या मोडतात आणि मायकोरायझाच्या (मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीच्या) धाग्यांचं जाळं तुटतं. वर पाला अंथरा आणि गप्प बसा.

पायरी ४: थांबायचं किती

लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात.

पहिला हिशोब कार्बन आणि नत्राच्या प्रमाणाचा. मातीतल्या बॅक्टेरियाच्या अंगात हे प्रमाण साधारण ८ ला १ असतं, पण खाल्लेल्या कार्बनमधला बराचसा श्वासात उडून जातो म्हणून त्यांना खाऊ २४ ला १ च्या आसपासचा लागतो. मूळ त्यापेक्षा नत्राने श्रीमंत असेल तर उरलेलं नत्र मातीत सुटतं, नवीन पिकाला मिळतं. गरीब असेल, म्हणजे मका, ज्वारी, गहू ह्यांची पक्व मुळं, तर सूक्ष्मजीव कमी पडलेलं नत्र मातीतून ओढून घेतात आणि तुमचं रोप पिवळं पडतं. नत्र कुठे गेलेलं नसतं, उधारीवर असतं, काही आठवड्यांनी परत मिळतं.

आता ते द्विदल पिकाच्या चुकीच्या कारणाचं. सगळे म्हणतात मुळांवरच्या गाठीत नत्राचा साठा असतो, मुळं ठेवली की खत मिळालं. पण दाणे पक्व होईपर्यंत पीक ठेवलं तर बहुतेक नत्र दाण्यांत गेलेलं असतं आणि दाणे आपण घेऊन जातो. मुळात उरतं ते थोडंच. फुलोऱ्यात कापलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा हिशोब खरंच तुमच्या बाजूने असतो. मग दाणे काढलेल्या हरभऱ्याचा बेवड तरी चांगला का? कारण त्याने मातीतलं नत्र कमी वापरलं, त्याची मुळं पटकन कुजतात, आणि एकदल पिकाच्या रोगांची साखळी मधे तुटते. कारणं तीन, "गाठीतलं खत" त्यात फार मागे.

दिवसांचं म्हणाल तर माती २५ ते ३० अंश आणि ओलसर असेल तेव्हा मी असं धरतो: कोवळी द्विदल मुळं दोन ते तीन आठवडे, भाजीपाल्याची मऊ मुळं तीन आठवडे, एकदल पिकाची तंतूमुळं चार ते सहा आठवडे, मक्याचा किंवा सूर्यफुलाचा जाडा बुंधा काही महिने (तो कुजायची वाट बघायची नाही, त्याच्या बाजूने लावायचं). तापमान १० अंशांनी उतरलं की हा वेळ साधारण दुप्पट धरा. माती कोरडीठाक असेल तर घड्याळच बंद, दिवस मोजूच नका. चिखल असेल तर त्याहून वाईट, हवा नाही म्हणून कुजणं आंबण्याकडे जातं आणि मुळांना घातक आम्लं तयार होतात. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, एवढाच ओलावा, शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो.

हे मी शिकलो ते ताग गाडून चौथ्या दिवशी घेवडा पेरल्यावर. हिरवा कोवळा पाला, मुळं, सगळं ताजं, मला वाटलं किती पौष्टिक. साठ बिया टाकल्या आणि नऊ उगवल्या. उकरून बघितलं तर बिया मऊ पडलेल्या, काहींवर पांढरी कापसासारखी बुरशी, दोनतीन बियांत अळ्या. ताजा खाऊ मातीत गेला की पहिल्या आठवड्यात पिथियमची लाट येते, मग इतर सूक्ष्मजीव तिला दाबतात आणि ती ओसरते. मी बरोबर लाटेच्या डोक्यावर पेरलं होतं. तोच घेवडा तीन आठवड्यांनी पेरला, त्याच मातीत, छान आला.

पायरी ५: बरणीची टेस्ट

अंदाजावर राहायचं नसेल तर हे करा, खर्च शून्य. दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. एकीत जुन्या बुंध्याजवळची, पाच ते दहा सेंटिमीटर खोलीवरची माती, आतल्या मुळांच्या तुकड्यांसकट. दुसरीत पीक नव्हतं अशा जागेची माती. दोन्हीत २०–२० मुळ्याच्या बिया, सारखं पाणी, झाकण सैल, एकाच जागी सावलीत. सहा दिवसांनी मोजा. दोन्हीकडे १७ आणि १८ असा फरक असेल तर पेरा. एकीकडे १८ आणि दुसरीकडे ११ असेल तर अजून दहा दिवस थांबून परत टेस्ट. नुसती उगवण मोजू नका, रोपं उपटून मुळाचं टोक बघा, पांढरं टोकदार पाहिजे, तपकिरी बोथट झालं असेल तर आत काहीतरी अजून चालू आहे. जमिनीलगत रोप दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडलं तर ती रोपमर, म्हणजे लाट अजून ओसरलेली नाही.

आधीचं पीक मोहरी कुळातलं असेल तर मुळ्याऐवजी लेट्युसच्या बिया घ्या. मोहरी, कोबी ह्यांचे ऊतक फुटले की आयसोथायोसायनेट नावाचा झोंबरा वायू सुटतो (मोहरी वाटताना नाकात जातो तोच प्रकार), तो मातीतल्या काही रोगांना मारतो पण कोवळ्या बियांनाही सोडत नाही. मुळा त्याच घरातला असल्यामुळे त्याला कमी कळतं, लेट्युस लगेच तक्रार करतं.

शेवटी नाक. मुळं नीट कुजतायत तिथल्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, तो जिओस्मिनचा, ॲक्टिनोमायसीट्स हे सूक्ष्मजीव तो सोडतात. आंबट किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडतेय, पाणी थांबवा.

पायरी ६: नंतर काय लावायचं

एकदलानंतर द्विदल, द्विदलानंतर खादाड भाजीपाला, हे ढोबळ सूत्र बहुतेकांना माहीत आहे, त्यात मला फार भर घालायची नाही. दोन गोष्टी मात्र कमी बोलल्या जातात.

एक, मायकोरायझा. ही बुरशी मुळाच्या आत राहते, बाहेर बारीक धागे पसरून स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. जुन्या मुळांचे तुकडे हेच तिचं बियाणं, त्यातून ती नवीन मुळात शिरते. पण मोहरी कुळ (कोबी, फ्लॉवर, मुळा) आणि पालक, बीट ही मंडळी तिला घरात घेतच नाहीत. कोबीनंतर लगेच मका लावला किंवा जमीन खूप दिवस नुसती रिकामी ठेवून मग लावला तर सुरुवातीला पानं जांभळी पडतात, मातीत स्फुरद असूनही. त्यावर खत ओतण्यापेक्षा मधे एखादं द्विदल किंवा कुठलंही मायकोरायझावालं पीक घ्या, ते मेल्यावर त्याची मुळं काम करतील.

दोन, स्वतःच स्वतःला नडणारी पिकं. लसूणघासानंतर लगेच लसूणघास नीट उगवत नाही, काकडीच्या मुळांतून सिनॅमिक आम्लासारखी द्रव्यं सुटतात ती काकडीलाच नडतात, शतावरीच्या चुलतबहिणीचं म्हणजे ॲस्परॅगसचंही तसंच. सफरचंदाची जुनी बाग काढून त्याच खड्ड्यात सफरचंद लावलं तर कलमं खुरटतात, तिथे जुन्या मुळांवर पोसलेल्या पिथियम, रायझोक्टोनिया आणि सूत्रकृमी अशा टोळीचं काम असतं. ज्वारीची केशमुळं सॉर्गोलिओन सोडतात, त्याने बारीक बियांच्या तणांना चाप बसतो, पण बारीक बियांच्या भाजीलाही बसू शकतो, म्हणून ज्वारीनंतर थेट बी टाकण्यापेक्षा वाढलेली रोपं लावा.

आणि एक उलटी गंमत. गव्हावर गहू घेत राहिलं तर टेक-ऑल नावाचा मूळकुजीचा रोग पहिली काही वर्षं वाढत जातो, ती बुरशी जुन्या मुळांत तग धरून असते. पण शेतकरी नेटाने गहूच घेत राहिला तर काही वर्षांनी रोग आपोआप उतरतो, कारण रोगट मुळांवर स्युडोमोनास जातीचे बॅक्टेरिया जमा होतात आणि स्वतःचं ॲंटिबायोटिक बनवून बुरशीला आवरतात. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड ह्या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाक शेतात १८४३ पासून गहू घेतायत, तिथेही हे दिसलंय. ह्याचा अर्थ तुम्ही फेरपालट सोडा असा नाही, मधली वाईट वर्षं झेपणार नाहीत. पण त्याच मुळांवर आधी शत्रू आणि मग त्या शत्रूचा शत्रू येतो, हे माहीत असावं.

बाटलीतले बॅक्टेरिया घालावेत का असं बरेच विचारतात. शेतात पहिल्यांदाच एखादं द्विदल लावताय तर त्याचं रायझोबियम (मुळावर नत्राच्या गाठी करणारे बॅक्टेरिया) बियाण्याला जरूर लावा. बाकी, आधीच वस्ती भरलेल्या मुळात बाहेरून ओतलेल्याला जागा मिळणं कठीण असतं, थांबण्याचे तीन आठवडे वाचवायला म्हणून तर अजिबात वापरू नका.

पायरी ७: लावताना आणि नंतर

जाड बुंधा असेल तर नवीन रोप त्यावर नाही, आठ दहा सेंटिमीटर बाजूला. मूळ वाढत वाढत जुन्या नळीपर्यंत पोचेल तोवर तिथली पहिली धुमाळी संपलेली असते. तंतूमुळं असतील तर कुठेही लावा.

एकदलानंतर लावत असाल तर सुरुवातीलाच रोपाजवळ थोडं लवकर लागू होणारं नत्र द्या, पूर्ण डोस नाही. दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी झाली आणि नवी पानं हिरवी असतील तर ती उधारी समजा, थोडं नत्र आणि धीर. सगळीच पानं मलूल, वाढ बंद, तर खत नको, एक रोप खणून मूळ बघा.

कुंडीत हिशोब वेगळा. तिथे मुळं तळाशी वेटोळं करून बसलेली असतात, मातीच्या मानाने मुळंच फार, सगळी ठेवली तर नत्राची ओढाताण आणि कुजताना माती खाली बसते. मी तळाचं वेटोळं आणि बुंधा काढतो, बाकी बारीक मुळांचा गड्डा हाताने मोकळा करून थोडं कंपोस्ट मिसळतो, ओलसर करून तीन आठवडे झाकून ठेवतो. रोग असेल तर ती माती पुन्हा भाजीला वापरत नाही.

वहीत चारच गोष्टी लिहा: काय होतं, कधी कापलं, मुळं कशी दिसली, पुढचं कधी लावलं. तारीख नसली की "मी तर बराच थांबलो होतो" हे आपण स्वतःलाच पटवतो, माझं ते बराच म्हणजे नऊ दिवस निघाले होते.

आणि पुढचं पीक अर्ध्यावर आलं की एका रोपाच्या बाजूला हातभर खोल सरळ भिंतीसारखा खड्डा घ्या, टोकदार काडीने माती हळूहळू कोरा. सूर्यफुलानंतर लावलेल्या टोमॅटोखाली मी असं कोरलं तेव्हा जवळपास दीड वीत खोलीवर जुन्या मुळाची तपकिरी, कागदासारखी पातळ झालेली साल सापडली, नळीसारखी गोल. काडीने ती उभी चिरली तर आतून टोमॅटोचं पांढरंशुभ्र मूळ सरळ खाली चाललेलं, आजूबाजूच्या घट्ट मातीत एक फाटा न काढता, आणि सालीच्या आतल्या काळ्या भुसभुशीत थरात मात्र दोन्ही बाजूंना केशमुळांची लव.